नवी पेठेतल्या अण्णांची लायसन्स सर्व्हिस, आमचं सेव्ह न केलेलं काम जायचं थांबलं

सोलापुरात विजापूर रोडला आमचं छोटं ड्रॉइंग ऑफिस आहे, ७ कम्प्युटर आणि ऑटोकॅडची (ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम) जुनी ४ नेटवर्क लायसन्स, म्हणजे कुठल्याही मशिनवर चालतं पण एका वेळी चौघांनाच. दोन शिफ्टमध्ये पोरं-पोरी येतात, ठरलेली जागा कुणालाच नाही. रोज दुपारी पाचवा येऊन ओरडणार, लायसन्स कुणी अडवलंय बे.

आधी ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांनी अशी सोय केली की मशिन २० मिनिटं नुसतं पडून राहिलं की ऑटोकॅड बंद. लायसन्स सुटायचं खरं, पण ते टास्ककिल या विंडोजच्या कमांडने जबरदस्ती बंद करायचे आणि तसं केलं की प्रोग्रॅम सेव्ह करू का म्हणून विचारतच नाही. आमची एक पोरगी साइटवरून फोन आला म्हणून गच्चीत गेली, येऊन बघते तर सकाळपासून काढलेलं जिन्याचं सेक्शन गायब. घाबरून तिने मशिन रिस्टार्ट केलं आणि चालू होताना टेम्प फोल्डर साफ व्हायची सेटिंग होती, ऑटोसेव्हची फाइल त्याच फोल्डरमध्ये, तीपण गेली. लई रडली ओ ती. मला आजही वाईट वाटतं.

मग नवी पेठेतल्या कम्प्युटरवाल्या अण्णांना बोलावलं. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही, कोण कधी येतं, कधी जातं, जाताना काय करतं एवढंच विचारत बसले. मग लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरवर एलएमटूल्स, म्हणजे कुणाकडे कुठलं लायसन्स आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून स्टेटस काढलं तर ४ पैकी २ लायसन्स घरी गेलेल्या माणसांच्या नावावर! सकाळचा माणूस स्क्रीन लॉक करून जातो, संध्याकाळचा स्विच यूजर करून आपलं सुरू करतो आणि सकाळच्याचं ऑटोकॅड मागे तसंच चालू राहतं, लायसन्स धरून. आम्ही वर्षभर उगाच एकमेकांवर चिडत होतो. वर पोरं मशिन रिस्टार्ट करायची तेव्हा विंडोज सांगायचं की दुसरं कुणीतरी हे वापरतंय, त्यांचं सेव्ह न केलेलं काम जाईल, ते न वाचताच पुढे दाबायची.

अण्णांनी जुनी सोय काढून टाकली आणि सर्व्हरच्या ऑप्शन फाइलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) टाइमआउट, म्हणजे किती वेळ नुसतं पडून राहिलं की लायसन्स परत घ्यायचं, तो १८०० सेकंद टाकला. ९०० पर्यंत खाली आणता येतो, पण साइटचा एक फोन सहज १५ मिनिटं चालतो म्हणून त्यांनी अर्धा तास ठेवला, हे मला फार आवडलं. यात ड्रॉइंग उघडंच राहतं, फक्त लायसन्स परत जातं, माणूस आला की प्रोग्रॅम पुन्हा मागून घेतो आणि एकही शिल्लक नसलं तरी सेव्ह करून बंद करता येतं. ऑटोसेव्ह १० मिनिटांवर होतं ते ५ वर आणलं आणि त्याची जागा टेम्पमधून काढून डी ड्राइव्हला प्रत्येकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये दिली. एसव्ही-डॉलरवाली (ऑटोसेव्हची) फाइल डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या नेहमीच्या ड्रॉइंग फाइलचं, नाव देऊन कशी उघडायची ते सगळ्यांकडून एकदा करून घेतलं.

अजून एक, जे आमच्या डोक्यातच नव्हतं. सगळ्या मशिनला यूपीएस, पण लायसन्स सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच थेट भिंतीच्या प्लगला. उन्हाळ्यात लाइट गेली की मशिन चालू, सर्व्हर बंद, सगळ्यांची लायसन्स एकदम तुटणार. आता दोन्ही यूपीएसवर आहेत.

तक्रार एवढीच की अण्णा वेळेवर येत नाहीत, १० म्हणाले की १२ धरा, गड्डा यात्रेच्या दिवसांत तर फोनच उचलत नाहीत. आणि काय काय बदललं ते लिहून देत नाहीत, मी मागे लागून कागदावर घेतलं. बिल ३५०० झालं, मला जास्त वाटलं नाही. नवीन लायसन्स घेणाऱ्यांनी मात्र हे बघून ठेवा, ऑटोडेस्क आता माणसाच्या नावावर देतं, तिथे हा टाइमआउटचा उपाय चालत नाही, ऑटोसेव्ह आणि स्विच यूजरचं तेवढं लागू पडेल.

त्यांना बोलवायचं असेल तर मशिन किती, लायसन्स किती आणि शिफ्ट कधी बदलते एवढं आधीच लिहून ठेवा, आणि शिफ्ट बदलायच्या वेळेलाच बोलवा, कोण काय उघडं ठेवून जातं ते तेव्हाच दिसतं.