पातेगळीवर एनएए: गच्चीवरच्या कपाशीत वापरून

माझं माहेर विदर्भातल्या दिग्रसचं. कपाशी दिसली नाही तर पावसाळा आल्यासारखाच वाटत नाही. म्हणून जूनमध्ये ऐरोलीतल्या आमच्या गच्चीवर सहा ग्रो बॅगांत सरकी टोबली. जुलैअखेर पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरली आणि ऑगस्टमध्ये रोज सकाळी फरशीवर पात्यांचा सडा. तेव्हा ही पातेगळ थांबवायला फवारतात ते औषध, एनएए (नॅफ्थॅलीन ॲसिटिक ॲसिड) ४.५ टक्के, याची १०० मिलीची बाटली ऑनलाइन मागवली.

पहिली फवारणी पार चुकली. १ लिटर पाण्यात टोपणभर, म्हणजे ५ मिली ओतलं. दोन दिवसांत शेंडे मुरडले, पानं खाली वळली आणि गळ उलट वाढली. मग हिशोब केला. १ मिलीत ४५ मिलिग्रॅम औषध असतं. २० पीपीएमसाठी (लिटरमागे २० मिलिग्रॅम) १० लिटरला साडेचार मिली, म्हणजे माझ्या १ लिटरला अर्ध्या मिलीपेक्षाही कमी! हेच एनएए सफरचंदाच्या बागेत जास्तीची फळं गाळायलाही वापरतात, हे नंतर वाचलं. आता १ मिलीच्या सिरिंजनेच मोजते.

पात्याच्या देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पात्याकडून ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, येत राहिलं की तो टिकतो. झाडाला ताण बसला की झाडातला इथिलीन वायू वाढतो आणि थर सुटतो. एनएए हे बाहेरून दिलेलं ऑक्सिन. पण त्यानं झाडाचं पोट भरत नाही. ढगाळ हवेत पानांत अन्नच कमी तयार होतं. काकांना फोन केला तर म्हणाले, "अगं, झाड आपल्याला पोसवतील तेवढीच ठेवते. आधी बुडातलं पाणी पाह्य." पाहिलं, तर टाकीजवळच्या दोन बॅगांची भोकं चिखलानं बुजलेली, मुळं पाण्यात. सर्वांत जास्त गळ त्यांच्यातच होती. भोकं मोकळी केली, बॅगा उन्हात सरकवल्या, युरिया थांबवला. आठवड्याभरात त्या दोन झाडांची गळ निम्म्यावर आली, तीही फवारणीशिवाय.

सप्टेंबरमध्ये ऊन पडल्यावर तीन झाडांवर योग्य मात्रेत दोनदा फवारलं, मध्ये पंधरा दिवस सोडून. तीन तशीच ठेवली. फवारलेल्यांवर बोंडं थोडी जास्त टिकली. थोडीच, पण झाडाजवळ उभं राहून मोजताना फरक कळत होता.

बाटली उघडण्याआधी गळलेलं पातं नखानं फोडून बघा. माझ्या बहुतेक पात्यांत देठाशी स्वच्छ वण आणि आत कोवळे परागकोश शाबूत होते. एकात मात्र बारीक छिद्र, आत विष्ठा आणि अळी. पाकळ्या गुंडाळलेली डोमकळी दिसली तर ती गुलाबी बोंडअळी. तिथे एनएएचा काडीचा उपयोग नाही.

पाचपैकी साडेतीन. मोजायला टोपणावर खुणा नाहीत म्हणून अर्धा गुण कापला, कारण माझी दोन झाडं त्यापायी महिनाभर मागे पडली. बाटली अजून जवळजवळ भरलेलीच आहे. परवा पहिलं बोंड फुटलं; कापूस काकांसाठी डबीत ठेवलाय.