लुडविग पी-८५ : जुन्या स्नेअर ड्रमसाठी स्ट्रेनर

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या वाद्यवृंदाकडे ॲल्युमिनियमच्या कवचाचा जुना लुडविग सुप्राफॉनिक स्नेअर ड्रम आहे. स्ट्रेनर म्हणजे ड्रमच्या तळाच्या तारा (स्नेअर) ताणणारा आणि सैल सोडणारा तरफेचा भाग. त्याच्या मूळच्या पी-८३ स्ट्रेनरची तरफ झिजून वाजवता वाजवताच खाली पडू लागली, तेव्हा तो बदलणे भाग पडले.

स्ट्रेनर निवडताना चकाकीपेक्षा कवचावरील दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर महत्त्वाचे असते. ते कॅलिपरने मोजावे आणि जुळत नसेल तर भाग कितीही देखणा असला तरी घेऊ नये. कारण जुन्या ड्रमला नवे छिद्र पाडले की त्याची किंमत जी उतरते, ती कोणत्याही डागडुजीने पुन्हा चढत नाही. बाजारातील स्वस्त स्ट्रेनर आमच्याकडे इथेच बाद झाले.

पी-८५ मात्र जुन्याच छिद्रांत, कानस न लावता बसला. घडण साधी आहे, धातूचा स्पर्श थोडा हलकाच वाटतो आणि तरफ सोडताना होणारा ‘खट्’ असा आवाज संथ भावगीतात नक्की ऐकू येतो. ट्रिक कंपनीच्या जीएस००७ या स्ट्रेनरची तरफ याहून कितीतरी मऊ चालते, शिवाय तिला ताणाचे तीन टप्पे आहेत; पण तो महाग पडतो आणि जुन्या ड्रमवर, माझ्या मते, उपराच दिसतो.

बसवताना तारा खालच्या हेडच्या (पडद्याच्या) मधोमध आणि दोन्ही कडांपासून समान अंतरावर ठेवाव्यात, अन्यथा नव्या स्ट्रेनरवरही खरखर राहते. काढलेला पी-८३ स्क्रूंसह जपून ठेवावा. ड्रम विकायला काढलाच, तर जाणकार गिऱ्हाईक तो आधी मागते.