कौलांची चवड 'डबर' म्हणून उचलली जाते तेव्हा

जुनं कौलारू घर कोकणात, मालक मुंबईत किंवा पुण्यात, आणि मे महिन्यात गावाहून फोन येतो की माजघरात गळतंय. बहुतेक फसवणूक इथून सुरू होते. सिंधुदुर्गातल्या एका घराचा प्रकार सांगतो, कारण थोड्याफार फरकाने हेच सगळीकडे चालतं.

घर दहा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) छपराचं, मंगलोरी कौलांचं. पडवीच्या कोपऱ्यात आधीच्या पिढीने दीडेकशे जादा कौलं आणि डझनभर कोने, म्हणजे आढ्यावर बसणारी कौलं, जपून ठेवलेले. गळती दोनच ठिकाणी. कंत्राटदार वर चढला, चार फुटकी कौलं खाली आणून दाखवली आणि म्हणाला, "काका, ही कौलां आता खय गावतत?" सगळं छप्पर बदलावं लागेल, जुना माल डबर, म्हणजे टाकाऊ तुकडे, म्हणून मीच उचलतो, टेम्पोचं भाडंसुद्धा घेत नाही. मालकाला तो उपकारच वाटला. छपरावरच्या कौलांबरोबर पडवीतली चवडही टेम्पोत गेली, आणि वर 'जुळणारी' म्हणून दुसरी कौलं बसली. जुन्या, चांगल्या भाजणीच्या कौलांना रिसॉर्टवाले आणि फार्महाउसवाले रोख पैसे मोजतात, हे मालकाच्या गावीही नव्हतं. जुलैत गळती दोनाची सात ठिकाणी झाली, आणि बदलायला घरात एकही जुळणारं कौल उरलेलं नव्हतं.

'जुळणारी' म्हणून आणलेली कौलं का गळली, ते समजून घ्या. मंगलोरी कौल दिसायला सगळीकडे सारखं, पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. या कौलांसाठीच्या भारतीय मानक ६५४ मध्येच तीन मापं आहेत: ४१० × २३५, ४२० × २५० आणि ४२५ × २६० मिलिमीटर. शेजारच्या कौलाच्या खोबणीत बसणारी कड दोनचार मिलिमीटरने जरी वेगळी असली तरी कौल वर उचललं जातं आणि वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत येतो. आडव्या ओळीत कौलामागे ५ मिलिमीटरचा फरक पडला तर वीस कौलांनंतर ओळ १० सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळपास अर्धं कौल. उभ्या दिशेला अडचण रिपांची, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांची. रिपा जुन्या कौलाच्या मापाने, साधारण ३२० मिलिमीटरवर ठोकलेल्या असतात. कौल आखूड निघालं तर वरच्याचा खालच्यावर चढ कमी पडतो. हा चढ किमान ६० मिलिमीटर आणि बाजूचा २५ मिलिमीटर हवा. म्हणून नवीन माल घेण्याआधी छपरावरचं एक जुनं कौल दुकानात घेऊन जा, नव्या दोन कौलांच्या मध्ये बसवून बघा. हाताने दाबून हललं, डुगडुगलं, तर तो माल परत.

दुसरी चलाखी रंगाची. कच्च्या भाजणीचं कौल फिकट, गुलाबीसर दिसतं. त्याच्यावर लाल रंगाचा हात मारला की वरून ओळखू येत नाही. तळ बघा, तिथे सहसा रंग पोचत नाही. एक कौल मुद्दाम फोडा. आत काळपट पट्टा दिसला तर भाजणी अर्धवट आहे. बोटाच्या पेराने ठोकल्यावर खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर तडा तरी आहे किंवा कच्चं तरी.

शंका राहिलीच तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. कोरडं कौल तोला, २४ तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. मानकाप्रमाणे वरच्या प्रतीच्या कौलाने शेकडा १८ पर्यंत आणि दुसऱ्या प्रतीच्याने शेकडा २० पर्यंत पाणी प्यावं. म्हणजे अडीच किलोचं कौल भिजून २ किलो ९५० ग्रॅमपर्यंत चालेल, फार तर तीन किलो. त्याच्या वर गेलं तर घेऊ नका. दहा ब्रासला १४०० कौलं लागतात. शेकडा १५ पाणी पिणारं आणि २५ पिणारं कौल यांत भर पावसात छपरावर साडेतीनशे किलोचा फरक पडतो, आणि तो जुन्या वाशांना सोसावा लागतो. शिवाय असं कौल शेवाळतं, पापुद्रे सोडतं.

आता शिक्क्यांचा बाजार. तळाला १८६५ असा आकडा दिसला की विक्रेता सांगतो, "दीडशे वर्षांपूर्वीचं कौल आहे." ते साल कारखाना सुरू झाल्याचं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं साच्यात राहिला. शिक्क्यासाठी जादा पैसे देऊ नका. स्वतःची कौलं विकताना मात्र शिक्का आहे का ते आधी बघा.

मोजणीतही हात मारला जातो. चवड बाहेरून भरीव आणि आतून पोकळ रचतात, म्हणून उतरवताना नग मोजा. एका ब्रासला साधारण १४० कौलं बसतात, मोडतोड धरून १५०. दहा ब्रासला कोणी १८०० सांगत असेल तर वरची तीनशे कुठे जाणार ते विचारा.

काम सुरू होण्याआधी छपराच्या उभ्या-आडव्या ओळी मोजून गुणाकार लिहून ठेवा, प्रत्येक पाख्याचे आणि शिक्क्याचे फोटो काढा. करारात एक ओळ हवीच: 'उतरवलेली सर्व कौलं, कोने व लाकूड मालकाचं, फुटलेल्या मालाचे तुकडेही अंगणातच राहतील.' उतरवताना शेकडा पाचसात फुटणं समजू शकतो. कोने त्याहून जास्त फुटतात हे खरं आहे, विशेषतः सिमेंटमध्ये घट्ट बसवले असतील तर, कारण सिमेंट सोडवताना कोनाच तुटतो. चुन्यातले कोने बरेच वाचतात. पण 'फुटली' म्हणून जितकी दाखवली तितके तुकडे अंगणात दिसले पाहिजेत. तुकडेच नसतील तर कौलं साबूत गेली.

जादा माल किती ठेवायचा? दहा ब्रासच्या घराला शंभर ते दीडशे कौलं, दहा-पंधरा कोने, त्याच साच्याची दोनतीन काचेची कौलं, पाचसहा रिपा आणि गंज न धरणाऱ्या तारेचं एक वेटोळं. कौलाच्या तळाच्या नाकाला भोक असतं ते तारेसाठीच. वळचणीच्या ओळी तारेने रिपेला बांधलेल्या नसतील तर वादळात आधी त्याच उडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात आणि मे २०२१ च्या तौक्तेच्या वेळी रत्नागिरी-सिंधुदुर्गात असं बरंच झालं. त्या दिवसांत कोणी सांगेल त्या भावाने कौलं घ्यावी लागतात, आणि घरात चवड असलेल्याला मात्र ते चुकतं.

कौलं आडवी एकावर एक रचू नका, तळाची तडकतात. लाकडी फळ्यांवर, किंचित कलती, उभी ठेवा, आणि छपराखालीच. प्रत्येकाच्या तळाला ऑइल पेंटने घराची एक खूण करा. चवडीतलं एक कौल नमुना म्हणून घरात आत ठेवा. मालक बाहेरगावी असेल तर चवडीचा नगांसह फोटो शेजाऱ्याकडेही असू दे.

माल गेलाच असेल तर पैसे दिल्याच्या पावत्या, करार आणि आधीचे फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीची मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षं, आणि आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.