अमेरिकेतली सरकारी चाइल्ड सपोर्ट सेवा : वसुली चोख, फेरबदल संथ, आणि रोख मदत घेतली असेल तर हिशेबच वेगळा

अमेरिकेत आई-वडील वेगळे राहू लागले की मुलाच्या खर्चाची जबाबदारी दोघांवर राहते. लग्न झालेलं असो वा नसो, कायद्याला त्याने फरक पडत नाही. हा खर्च ठरवून घेणारी आणि वसूल करून देणारी सरकारी सेवा प्रत्येक राज्यात आहे. १९७५ साली सोशल सिक्युरिटी कायद्याच्या चौथ्या प्रकरणात ‘डी’ भाग आला, म्हणून केसवर्कर आणि वकील तिला ‘फोर-डी’ म्हणतात. कॅलिफोर्नियात ती काउंटीच्या पातळीवरून चालते, टेक्ससमध्ये ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून. पाट्या वेगळ्या असल्या तरी चौकट केंद्राची आहे, त्यामुळे खालचं बरंचसं सगळीकडे लागू पडतं. (मुलं आईकडे आणि पैसे वडिलांकडून असं इथे सोयीसाठी लिहिलं आहे. उलट असेल तरी नियम तेच.)

आधी मत सांगून टाकतो. समोरचा पगारदार असेल तर पैसे मिळवण्याची याहून स्वस्त आणि खात्रीची वाट नाही. वसुलीला पाचपैकी चार. परिस्थिती बदलल्यावर रक्कम बदलून घेण्याच्या कामाला दोन. आणि घरात सरकारी रोख मदत आली असेल, तर वसूल झालेला पैसा नेमका कोणाच्या खात्यात जातो हे अर्ज करणाऱ्याला कोणी नीट समजावत नाही, याला एकच.

खर्च अगदी कमी आहे. अर्जाची फी जास्तीत जास्त २५ डॉलर. अनेक राज्यं तीही घेत नाहीत. ज्यांनी कधीच रोख मदत घेतलेली नाही त्यांच्या केसमध्ये ऑक्टोबर ते सप्टेंबर या वर्षात ५५० डॉलर वसूल झाले की ३५ डॉलर वार्षिक शुल्क लागतं. ते बहुतेक वेळा वसुलीतून कापलं जातं, काही राज्यं स्वतः भरतात. एवढ्यात वडिलांचा पत्ता आणि नोकरी शोधणं, पितृत्व ठरवणं, आदेश मिळवणं, आरोग्य विम्याची सोय, वसुली आणि फेरतपासणी हे सगळं येतं. घटस्फोट, मुलाचा ताबा, घराची वाटणी यांतलं काही येत नाही, त्यासाठी वेगळा वकील हवा. सुनावणीला ही सेवा चालवणाऱ्या एजन्सीचा वकील तुमच्या शेजारी उभा दिसला तरी तो तुमचा वकील नसतो. तो राज्याची बाजू मांडतो. त्याला सांगितलेली गोष्ट गुप्त राहील असं धरून चालू नका.

आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल तर पहिली पायरी पितृत्वाची. दवाखान्यात बाळाच्या जन्मावेळी स्वेच्छेने सही करायचा फॉर्म पुढे येतो. त्याला न्यायालयाच्या निकालाइतकं वजन असतं. सही मागे घ्यायला ६० दिवस मिळतात, त्यानंतर फसवणूक, जबरदस्ती किंवा वस्तुस्थितीबद्दलची मोठी चूक सिद्ध करावी लागते. मनात जरा जरी शंका असेल तर सहीआधी डीएनए चाचणी मागावी. एजन्सी ती करवून देते.

सगळ्यात जास्त नुकसान समन्सला उत्तर न दिल्याने होतं. कॅलिफोर्नियात उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही की आदेश एकतर्फी निघतो, आणि पगाराची कागदपत्रं समोर नसतील तर अंदाजी उत्पन्न धरलं जातं. देणाऱ्याची खरी कमाई आणि ऐपत पाहा, असं २०१६ च्या केंद्रीय नियमांनी राज्यांना बजावलं आहे. पण जो माणूस कागदच देत नाही, त्याची ऐपत न्यायालय कशावरून ठरवणार? शेवटच्या तीन पगारपावत्या, मागच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न, विम्याच्या हप्त्यात मुलाचा वाटा किती, डे-केअरची बिलं आणि मूल वर्षात किती रात्री कोणाकडे असतं याची नोंद, एवढं तरी द्याच. बहुतेक राज्यांत दोघांचं उत्पन्न एकत्र धरून वाटा काढतात. टेक्सससारखी थोडी राज्यं फक्त देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाची टक्केवारी लावतात : तिथे सर्वसाधारणपणे एका मुलाला २० टक्के, दोघांना २५.

आदेश झाला की यंत्रणेची खरी ताकद दिसते. पगारकपातीचा आदेश थेट कंपनीच्या पेरोलला जातो. पगाराच्या तारखेपासून कामाच्या सात दिवसांत कंपनीने रक्कम राज्याच्या वितरण केंद्राकडे पाठवायची आणि केंद्राने कामाच्या दोन दिवसांत ती पुढे द्यायची. माणसाने नोकरी बदलली तरी नव्या कंपनीला त्याचं नाव २० दिवसांत राज्याला कळवावं लागतं, त्यामुळे कपात त्याच्या मागोमाग पोचते. कपातीला मर्यादाही आहे. दुसरा संसार पोसणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पगारातून ५० टक्के, नसेल तर ६०, आणि १२ आठवड्यांपेक्षा जुनी थकबाकी असेल तर आणखी ५ टक्के. बेकारी भत्त्यातूनही कपात होते. एसएसआयला (गरीब वृद्ध आणि अपंगांना मिळणारी केंद्रीय मदत) मात्र हात लावता येत नाही. रोखीत धंदा करणाऱ्याच्या बाबतीत हे सगळं लंगडं पडतं, तिथे वसुली महिनोन्महिने रखडते.

आता रोख मदतीचा भाग. तो सावकाश वाचा, कारण गैरसमज सर्वांत जास्त इथेच होतात.

गरजू कुटुंबाला मिळणारी रोख मदत म्हणजे टॅन्फ. कॅलिफोर्नियात तिलाच कॅलवर्क्स म्हणतात. ती घेताना आई पोटगीवरचा, म्हणजे मुलाच्या खर्चाच्या या पैशांवरचा, आपला हक्क राज्याच्या नावे लिहून देते. म्हणजे मदत चालू असतानाच्या महिन्यांची पोटगी वसूल झाली, तर राज्य ती आपल्या दिलेल्या मदतीपोटी ठेवून घेऊ शकतं. काही राज्यं त्यातला थोडा भाग आईला सोडतात. केंद्र सरकार एका मुलामागे दरमहा १०० आणि दोन किंवा जास्त मुलांना २०० डॉलरपर्यंत वसुलीतला स्वतःचा वाटा माफ करतं, आणि कॅलिफोर्नियात तेवढी रक्कम घरी येते. कोलोराडो २०१७ पासून चालू महिन्याची सगळी पोटगी कुटुंबालाच देतं. हेच धोरण योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. भरलेल्या पैशाचं दूध-कपडे मुलाला मिळतात हे दिसलं की बापही भरायला तयार होतो.

राज्य किती मागू शकतं याचा हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, मदत दरमहा ६०० डॉलर होती आणि ती दहा महिने चालली, म्हणजे एकूण ६,०००. पोटगीचा आदेश ४०० चा होता आणि वडिलांनी त्या काळात काहीच भरलं नाही. राज्याचं येणं ४,०००, सहा हजार नव्हे. कारण हक्क लिहून दिलेला असतो तो त्या महिन्यांत देय झालेल्या पोटगीवर, आणि दिलेल्या मदतीपेक्षा जास्त राज्याला कधीच ठेवता येत नाही. मदत सुरू होण्याआधीची थकबाकी आईचीच राहते. मदत बंद झाल्यावर वडिलांच्या पगारातून महिन्याला ५०० आले, तर ४०० चालू पोटगी म्हणून आईला. उरलेले १०० आधी आईच्या थकबाकीत, ती फिटल्यावर राज्याच्या.

टॅक्स रिफंड अडवला की मात्र हा क्रम अनेक राज्यांत उलटा होतो : तो पैसा आधी राज्याच्या थकबाकीत जातो. ‘त्याचा तीन हजारांचा रिफंड अडकला, मग मला का नाही आला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून खातेउतारा मागताना नुसती ‘बाकी किती’ विचारू नका. चालू पोटगी, कुटुंबाची थकबाकी, राज्याची थकबाकी आणि व्याज असे चार आकडे वेगळे मागा. व्याजाचा आकडा तर डोळ्यांत तेल घालून तपासा. कॅलिफोर्नियात थकबाकीवर १० टक्के व्याज चढतं.

राज्याच्या थकबाकीवर तडजोड होऊ शकते. उत्पन्न कमी असेल तर काही राज्यं तिचा बराच भाग माफ करतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आईच्या थकबाकीला ते तिच्या संमतीशिवाय हात लावू शकत नाहीत.

मदत चालू असताना आई-वडिलांनी आपसात केलेला तोंडी समझोता राज्यावर बंधनकारक नसतो. ‘तू मला सरळ पाठव, केस नको’ असं ठरवून वडिलांनी झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची सोय) पैसे पाठवले, तर एजन्सीच्या वहीत त्यांचं देणं तसंच उभं राहतं आणि ती रक्कम भेट धरली जाण्याचा धोका असतो. आईने तो पैसा न कळवता खर्च केला तर जादा मदत घेतल्याची वसुली तिच्यावर येते, प्रकरण फसवणुकीच्या आरोपापर्यंत जाऊ शकतं. दोघेही भल्या मनाने वागतात आणि दोघेही अडकतात.

वडिलांची माहिती द्यायला आईने कारणाशिवाय नकार दिला तर मदत किमान २५ टक्के कापली जाते. घरात मारहाण झाली असेल तर सूट मिळते आणि पत्ता गुप्त ठेवता येतो; ते पहिल्याच मुलाखतीत सांगायला हवं. अन्नधान्यासाठीच्या फूड स्टँपच्या मदतीवर पोटगीचा हक्क लिहून द्यावा लागत नाही. मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) फक्त वैद्यकीय खर्चाचा हक्क जातो.

फेरबदलाला दोनच गुण का, ते सांगतो. १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीनुसार देय झालेला हप्ता म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामाच. तो मागाहून कमी करता येत नाही. बदल लागू होऊ शकतो तो अर्जाची नोटीस समोरच्याला पोचल्यापासून पुढे. मार्चमध्ये नोकरी गेली आणि अर्ज सप्टेंबरमध्ये केला, तर मधल्या महिन्यांची पूर्ण रक्कम डोक्यावर राहते, न्यायाधीशाला कितीही वाईट वाटलं तरी. एजन्सीकडे फेरतपासणी मागता येते, पण ती पूर्ण करायला नियमाने तिला १८० दिवस मिळतात. शिवाय एजन्सीचा फॉर्म भरला म्हणजे न्यायालयात अर्ज दाखल झाला असं नाही. लेऑफचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात न्यायालयाच्या सेल्फ-हेल्प केंद्रातून फेरबदलाचा अर्ज स्वतः दाखल करा, नोटीस बजावल्याचा पुरावा जोडा आणि एजन्सीला प्रत द्या. जमेल तेवढी रक्कम भरत राहा, तीही वितरण केंद्रामार्फत. आईलाही हेच लागू : वडिलांचा पगार वाढला असेल तर वाढ आपोआप होत नाही. तीन वर्षांनी मात्र परिस्थिती बदलल्याचं न दाखवताही फेरतपासणी मागता येते.

थकबाकीचे बाकी परिणाम थोडक्यात. अडीच हजार डॉलरपेक्षा जास्त थकलं की अमेरिकन पासपोर्ट अडतो, आणि बाकी अडीच हजारांखाली आणली म्हणून पासपोर्ट अडवलेल्यांच्या यादीतून नाव आपोआप निघत नाही. राज्याने ते काढावं लागतं. रिफंड अडवायला राज्याच्या थकबाकीसाठी १५० आणि कुटुंबाच्या थकबाकीसाठी ५०० डॉलर पुरतात. दुसऱ्या पत्नीबरोबर एकत्र रिटर्न भरलं असेल तर तिने ८३७९ क्रमांकाचा फॉर्म भरून आपला हिस्सा मागावा. दिवाळखोरीत हे देणं बुडत नाही. तुरुंगाची भीती घातली जाते, पण न्यायालयाने आधी माणसाची भरण्याची ऐपत आहे का ते पाहायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये टर्नर विरुद्ध रॉजर्समध्ये स्पष्ट केलं आहे. ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : ऐपत असून पोटगी चुकवली तर नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याची अट अडचणीत येते.

जोडीदाराला ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करताना भरलेला आय-८६४, म्हणजे त्याच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म, हा वेगळाच करार आहे. त्या जोडीदाराने टॅन्फसारखी उत्पन्नावर आधारित मदत घेतली तर सरकार ती स्पॉन्सरकडून परत मागू शकतं. घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. ती संपते जोडीदार नागरिक झाल्यावर किंवा कामाच्या ४० तिमाही पूर्ण झाल्यावर, किंवा तो देश कायमचा सोडून गेला वा मरण पावला तर. पोटगी नियमित भरली म्हणून यातून सुटका होत नाही.

वडील भारतात परतले तर मात्र या सेवेचा हात तिथे पोचत नाही. मुलांच्या पोटगीच्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका परस्पर-मान्यतेचा देश नाही, म्हणून इथला आदेश तिथे सरळ बजावता येत नाही. अमेरिकेतली मालमत्ता, बँक खातं, ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत) आणि रिफंड यांवर जप्ती येऊ शकते, तेवढं एजन्सीला लेखी कळवून ठेवा. बाकीसाठी भारतात नव्याने दाद मागावी लागते : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं १२५, किंवा अमेरिकन आदेशाच्या आधारे दिवाणी दावा. त्यासाठी आदेशाची सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत, समन्स बजावल्याचा पुरावा आणि वितरण केंद्राचा पूर्ण खातेउतारा लागतो. आदेश एकतर्फी असेल तर तिथे तो टिकणं अवघड जातं, म्हणून वडील अमेरिकेत असतानाच त्यांना न्यायालयात हजर राहायला लावलेलं बरं.