खोपोलीत राहावं की लोणावळ्यात?

खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क आणि लोणावळ्याचं वेट एन जॉय वॉटर पार्क, दोन दिवसांत दोन्ही करायचंय. मुक्काम कुठे, असं वहिनीने विचारलं.

खरा प्रश्न खोपोली-लोणावळ्याच्या मधल्या बोरघाटाचा. एक पार्क घाटाखाली, दुसरं घाटावर, म्हणजे कुठेही राहिलात तरी घाट चढायचाच. शनिवारी सकाळी मुंबईकर वर जायला निघतात, तेव्हा त्या गर्दीत सापडू नका.

इमॅजिकाला खेटून नोव्होटेल आहे. पोरं दमली की दहा मिनिटांत खोलीत, दुपारी डुलकी काढून पुन्हा राइड्सवर. पण खिसा चांगलाच हलका होतो आणि संध्याकाळी बाहेर फिरायला फारसं काही नाही. खोपोली गावात स्वस्त लॉज मिळतात, पण तिथून पार्कपर्यंत वाहन लागतंच.

लोणावळ्यात मात्र सगळ्या भावांच्या खोल्या, जेवायला भरपूर पर्याय आणि डेक्कन क्वीनही थांबते. चिक्की तर घ्यावीच लागते! पावसाळ्यात ओले कपडे वाळत नाहीत, एवढं धरून चाला.

लहान मुलं आणि इमॅजिकावर भर असेल तर खाली राहा. आजी-आजोबा सोबत असतील, गाडी नसेल किंवा बजेट बेताचं असेल तर लोणावळा.