‘डेथ स्ट्रँडिंग’: बरेच महिने खेळल्यावर

पहिले दोन अध्याय मला अजिबात आवडले नव्हते. जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमाचा हा व्हिडिओ गेम, २०१९ मध्ये पीएस४वर (प्लेस्टेशन ४) आला तेव्हापासून डोक्यात होता. सुरू केला तर लांबलचक व्हिडिओ, आणि मग पाठीवर खोकी लादून डोंगरातून नुसतं चालणं. खोकी उंच रचली की गेमचा नायक सॅम एका बाजूला कलतो, तोल सावरायला कंट्रोलरची एल२-आर२ बटणं धरून ठेवायची. बूट झिजतात. पावसात मालाच्या पेट्या गंजतात. मामेभाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "हा नुसता चालतोय की! गेम कधी सुरू होणार?" मी गेम बंद केला तो पावसाळ्यापर्यंत.

पुन्हा लावला तेव्हा नदीपाशी अडकलो होतो. स्कॅनर मारला की पाण्यावर खुणा उमटतात: निळी म्हणजे खुशाल उतरा, पिवळी म्हणजे दम जाईल, लाल म्हणजे माल घेऊन वाहून जाल. बेळगावच्या खानापूर तालुक्यात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते. जुलैत इकडचे ओढे फुगले की पलीकडे जायला साकव शोधायचा, नाहीतर पाणी उतरेपर्यंत थांबायचं. डोक्यावर ओझं असलेला माणूस पाऊल टाकण्याआधी दगड कसा चाचपतो, ते या गेममध्ये इतकं बरोबर उतरलंय की मी त्या रात्री घाई सोडून दिली. वजन कमी केलं, एक शिडी जास्त घेतली, उतार बघून वाट ठरवली.

खरी गंमत तिसऱ्या अध्यायात आहे. नव्या भागात तुम्ही एकटेच असता. तो भाग गेममधल्या नेटवर्कला जोडला की दुसऱ्या खेळाडूंनी ठेवलेल्या शिड्या, दोर, पूल तुमच्या जगात दिसू लागतात. माणूस कधीच दिसत नाही, त्याचं काम तेवढं दिसतं. रस्ता करायचा तर धातू आणि सिरॅमिक ओतावं लागतं. बाकीच्यांनी घातलेला मालही त्यात धरला जातो. रस्त्यावर गाडीची बॅटरीही उतरत नाही. पावसानं बांधकामं झिजतात, मग दुरुस्ती कुणी तरी करायची. मी केलेल्या पुलावर अनोळखी लोकांचे लाइक्स आले तेव्हा फार बरं वाटलं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. शेवटचे व्हिडिओ फार लांबतात, आणि मोठ्या राक्षसांशी होणाऱ्या लढाया मला अजूनही ओढूनताणून घातल्यासारख्या वाटतात. झिपलाइन मिळाल्यावर डोंगर सोपे होतात. काहींना ते आवडेल, मला चालणंच बरं वाटतं.

घ्यायचा असेल तर डिरेक्टर्स कट (नंतर आलेली वाढीव आवृत्ती) घ्या, पीसीवरही आहे. आणि तिसऱ्या अध्यायाआधी सोडू नका. माझी कथा कधीच संपली, खरं बर्फातल्या डोंगरात माल पोचवायला अजून रोज जातो.