थेट एसटी की वडशाला जोडबस? ठराव कशाचा मांडावा

आरमोरी तालुक्यातल्या भाच्याचा प्रश्न आहे: ग्रामसभेत नागपूरच्या थेट एसटी फेऱ्या वाढवायची मागणी करायची, की वडसा स्टेशनावर गाडीच्या वेळेला जोडबस मागायची?

वेळेत एसटी सरळ पुढे आहे. ती ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड अशी थेट नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकात येते. नागपूरच्या इतवारी स्टेशनापासूनची इतवारी–नागभीड छोटी लाइन ब्रॉडगेजसाठी 2019 मध्ये बंद झाली. ती पुन्हा जुळेपर्यंत वडशाहून रेल्वेने नागपूर म्हणजे गोंदियाचा वळसा, आणि गोंदियापासूनच नागपूर सुमारे 130 किलोमीटर!

खर्चाचं गणित घरागणिक बदलतं. पॅसेंजरचं तिकीट मुळातच स्वस्त. पण एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर 2022 पासूनच प्रवास मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये गेली. आजीला मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, न्यायचं तर एसटीच परवडते.

आरामात मात्र रेल्वेच बरी. डब्यात शौचालय असतं, आजारी माणसाला पाय पसरता येतात, धानाचं पोतंही मावतं.

माझं मत विचारशील तर दवाखाना, कोर्ट, कॉलेजसाठी नागपूर गाठणाऱ्या गावांनी थेट एसटीच मागावी, आणि तीही पहाटेची. दुपारी पोचून ओपीडी मिळत नाही. गोंदिया किंवा बल्लारशाकडे मजुरीला, नातेवाइकांकडे जाणारे जास्त असतील तर जोडबस मागा. ठरावात गाडीची वेळ लिहा, नाहीतर बस गाडी सुटल्यावर पोचायची.